चष्म्याचा नियम

देवास,
१४ सप्टेंबर १९८६

चि. सुभाषला अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. पण दुसऱ्या दिवसापासून घरात गौरींची गडबड सुरू झाली आणि उत्तराला आज रविवार उजाडला. तुझे दाजी आठवडाभराच्या पाळीची झोप काढताहेत, बकुळा शेजारी टीव्ही बघायला गेली आहे, तेवढ्यात लिहून घेते.

ती. माईला नमस्कार सांग. तिचे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं तेल संपलं असेल तर सुरेखाला कळवायला सांग, इथे टेकडीखालच्या वैद्याकडे मिळतं. माई, सुरेखा हे वाचून दाखवत असेल तर ऐक, ह्या वर्षी गौरींना तुझी मोत्याची नथ घातली. कॉलनीतल्या बायका नथ बघायला म्हणून दोनदा येऊन गेल्या. पुरणपोळीला त्या अजून 'मीठी रोटी'च म्हणतात, पण खातात मात्र आपल्यापेक्षा जास्त.

बकुळा आठवीत गेली. अभ्यास बरा चालला आहे. वर्गात बसायची जागा तिने बाईंना सांगून बदलून घेतली, त्यामुळे फळ्यावरचं उतरवताना आता चुकत नाही. मराठी वाचायला मात्र कंटाळते. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, घरात आम्ही दोघंच. शिवणकामाचा तास तिला आवडत नाही, सुईत दोरा मी सकाळीच ओवून देते.

आता तुझ्या पत्राबद्दल. तुझ्या मालकांच्या, मालोजीरावांच्या क्लबला पंचवीस वर्षं पूर्ण होताहेत आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलांचे बंदुकीचे सामने पुन्हा भरवताय, हे वाचून मी थोडा वेळ पत्र तसंच मांडीवर ठेवून बसले. धार, कुक्षी, बदनावर आणि इथला एक संघ. मांडव, बँड, पाहुणे. खेळण्यातल्या बंदुका आणि फोमचे बाण, ह्यावर एवढा मोठा समारंभ होईल असं तुझ्या दाजींना कधी वाटलं नसेल. त्यांनी तर गणपतीत कॉलनीतल्या पोरांना दगडफेकीपासून लांब ठेवायला हे सुरू केलं होतं. कारखान्यात गाड्यांच्या सीटचा फोम कापला की कातरण उरायची, तिचे बाण करायचे. जत्रेतल्या स्प्रिंगच्या बंदुका. ग्राइंडिंग मशीनवरच्या कामगारांचे जुने पट्ट्याचे चष्मे फोरमनला विचारून आणायचे आणि घरी साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालायचे. आमची दोरी कपड्यांपेक्षा चष्म्यांनीच भरलेली असायची, आठवतं? तू हसायचास.

'दाजींकडचे नियम पाठव, इथे लोक फार विचारतात' असं तू लिहिलंस. त्यांना पत्र दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि आंघोळीला गेले. मला वाटलं, नाही म्हणतील. तीन वर्षांत त्यांनी त्या खेळाचं नावही काढलेलं नाही, इथले सामने बंद केले ते केलेच. पण दुसऱ्या दिवशी बूट पुसता पुसता आपणहून बोलायला लागले. सवडीने नीट कागदावर उतरून देणार आहेत. तोवर मुख्य ते मी कळवते.

बाण सगळाच्या सगळा फोमचा हवा. आत काडी नको, बांबूची नको, झाडूची नको, कसलीच नको. काडीशिवाय बाण लांब जात नाही, हे त्यांना माहीत आहे. लांब जाऊ नये म्हणूनच काडी नाही. प्रत्येक डावाआधी सगळे बाण एका टोपलीत घ्यायचे आणि पंचाने एकेक दाबून बघायचा. कोणाचा मुलगा आहे हे न बघता. छातीच्या वर नेम धरला की पोरगं बाहेर. लहान-मोठ्यांचे गट वेगळे. बघणारे दोरीच्या मागे. पडलेले बाण शिट्टी झाल्याशिवाय कोणी उचलायचे नाहीत, कारण वाकलेल्या पोराचं तोंड नेमकं बंदुकीच्या उंचीला येतं.

आणि चष्मा. मैदानात पाय ठेवायच्या आधी डोळ्यांवर, बाहेर आल्यावर खाली. कोणाचाही चष्मा निघाला, सरकला, घामाने धुरकटला की त्याने हात वर करायचा आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. चष्मे कमी असतील तर पोरं कमी घ्या, असं ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही.

तेव्हाचं तेव्हा. त्यावर आपण कधी बोललो नाही आणि आज सणासुदीचं बोलणार नाही. तिथल्या डावात बकुळाला गरम झालं, तिने चष्मा काढला, आणि नेमकी तेव्हाच काडी लागली. तू तरी किती पोरांवर लक्ष ठेवणार होतास? बाणांत काड्या क्लबच्या सुताराने घातल्या, तुला उशिरा कळलं, हे तू तेव्हाच सांगितलंस. मी तुला कधी शब्दाने दुखवलं नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासलं. डाव्या डोळ्यातलं फूल तसंच राहणार म्हणाले. उजवा चांगला आहे. उजव्याला जपा, एवढंच.

बक्षिसं बकुळाच्या हातून द्यायची असं तुमच्या कमिटीत ठरलं, हे वाचून मला खरंच भरून आलं. 'बकुळा स्टेजवर दिसली की लोकांना बरं वाटेल' असं तू लिहिलंयस. मामाने आठवण ठेवली. मी तिला अजून विचारलं नाही, आधी कापड आणून ठेवते, मग सांगते. पण ती येईल. घरात आमचं ऐकणार नाही एखादे वेळी, पण मामाचा शब्द ती कधी मोडत नाही.

सुरेखाला आशीर्वाद. भाऊबीजेला दोन दिवस जास्त काढून ये.

तुझी,
अक्का


देवास,
५ ऑक्टोबर १९८६

सुभाष,

हे पत्र घरी न पाठवता बसच्या ऑफिसात पाठवते आहे. घरी आलेलं पत्र सुरेखा माईला मोठ्याने वाचून दाखवते. हे तसं वाचायचं नाही. टेबलाशी मालोजीरावांचं कोणी बसलेलं असेल तर त्यांना उठू दे, मग उघड.

काल घट बसले. टेकडीवर माणसांची रीघ लागली आहे, आमच्या खिडकीतून दिवसभर ढोल ऐकू येतो. आम्ही सगळे ठीक आहोत.

मागचं पत्र टाकल्यावर मी बाजारात जाऊन बकुळासाठी फिक्या निळ्या रंगाचं कापड आणलं. गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिला जवळ बोलावलं, खांद्याला टेप लावली आणि सांगितलं, धारला जायचंय, मामाच्या क्लबात मोठा समारंभ आहे, तुझ्या हातून बक्षिसं आहेत. मला वाटलं खूश होईल. तिने टेप खांद्यावरून काढली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"मी नाही जाणार."

मी म्हटलं, का गं? मामाने एवढं मानाने बोलावलंय.

"मला नाही जायचं. तिथे नाही जायचं."

मी समजावत राहिले. माईआजी वाट बघत असेल म्हटलं, सुरेखामामी म्हटलं, क्लबाचं मैदान नको तर नुसती स्टेजवर बस म्हटलं. ती नुसती मान हलवत राहिली. तुझे दाजी खाटेवर पेपर वाचत होते. मनाने ते गरीब आहेत हे तुला माहीत आहे, पण ह्या एका बाबतीत त्यांचं मन त्या पोरीबद्दल कडू होऊन बसलं होतं. नियम त्यांनी केले, चष्मा त्यांनी दिला, आणि पहिला नियम त्यांच्याच मुलीने मोडला, असं ते धरून होते. पेपर खाली ठेवून ते म्हणाले, "त्या दिवशीही सांगितलेलं ऐकलं नाहीस. चष्मा काढायचा नाही म्हणून दहादा बजावलं होतं. आजही तुझंच खरं करायचं का?"

ती त्यांच्याकडे वळली. एखाद्याकडे नीट बघायचं असलं की ती मान डावीकडे फिरवते, तशी फिरवून बघितलं.

"मी नव्हता काढला, बाबा."

"मग काय वाऱ्याने उडाला?"

"मामांनी घेतला."

बाहेर कोणाच्या तरी घरात क्रिकेटची कॉमेंट्री लागली होती, ती तेवढी ऐकू येत होती.

मग तिने सांगितलं. रडली नाही. शाळेत कविता म्हणताना बोलते तशी सरळ, मध्येच हिंदीत, मध्येच मराठीत. मी तिच्याच शब्दांत लिहिते. तू तिथे होतास, एखादा शब्द चुकला असेल तर मला कळव.

"डाव सुरू व्हायचा होता. फोटोवाला आला. सगळ्यांना लाइनीत उभं केलं. तुकोजीदादाला चष्मा नव्हता, चष्मे कमी पडले होते. मालोजीकाका हसले, म्हणाले, अरे सुभाष भिया, हमारा ही लड़का बगैर चश्मे के? मग मामा माझ्याकडे आले. म्हणाले, बकुळे, दोन मिनिटं दे. फोटो होईपर्यंत. मी दिला नाही, मी म्हटलं बाबांनी नाही सांगितलंय. मग मामांनी स्वतः काढला. तो दादाच्या डोक्याला बसेना, तर मामांनी पट्ट्याचं मागून काहीतरी करून तो मोठा केला. फोटो झाला. मी मागितला. मामा म्हणाले, आता डाव होऊ दे, तू मागे उभी राहा, तुला कोण मारतंय. आणि शिट्टी वाजवली."

मग म्हणाली, "मी मागेच उभी होते."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? आम्ही एवढं म्हणालो तुला, बाबा म्हणाले, माईआजी येता-जाता म्हणते पोर ऐकत नाही, तू का नाही बोललीस?

"मामांना प्रॉमिस केलं होतं."

कुठे केलं, ते तुला ठाऊक आहे. घाटाबिल्लोदला. इंदूरला नेताना तिथे जीप थांबवून ड्रायव्हर पाणी आणायला उतरला. तिच्या डोळ्यावर तुझा रुमाल बांधलेला. दहा वर्षांची पोर, आई-बाप देवासला, त्यांना अजून निरोपही पोचलेला नाही. तेव्हा तू तिला जवळ घेतलंस आणि म्हणालास, घरी सांगायचं की गरम होत होतं म्हणून मीच चष्मा काढला. नाहीतर मामाची नोकरी जाईल. मग माईआजी कोणाकडे जेवेल?

हेच शब्द ना? मी वाचून बघते तेव्हा तुझाच आवाज ऐकू येतो. लाडीगोडीचा.

काढला तो काढला. माणूस मालकापुढे वाकतो, फोटोवाल्यापुढे भान हरपतो, मी तेही समजून घेतलं असतं. कदाचित. तू धावत आला असतास, पाया पडला असतास, म्हणाला असतास, अक्का, माझ्या हातून झालं, तर मी तुला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या आणि पुढे कधीतरी पानावर वाढलंही असतं. पण ती रुमालाखाली रक्त गाळत बसलेली असताना तू पुढचा विचार केलास. तिला काय होईल हा नाही. घरी काय सांगायचं हा. आणि ते खोटं स्वतः बोलायचं सोडून तिच्या तोंडात घातलंस.

तिने ते पाळलं. आईपासून पाळलं. दवाखान्यात पट्टी बदलताना मी तिला विचारलं होतं, का गं काढलास? तर म्हणाली, गरम होत होतं. तू खाटेच्या पायथ्याशी उभा होतास. मालोजीरावांनी ड्रायव्हरबरोबर पेढ्यांचा डबा पाठवला होता, तो तुझ्या हातात होता. मी त्यातले पेढे वॉर्डातल्या बायांना वाटले, म्हटलं, किती मोठ्या मनाची माणसं आहेत.

तुझ्या दाजींचं सांगते. ते उठले, माळ्यावरची पेटी काढली. बकुळाचा तो चष्मा तिच्या सामानाबरोबर परत आला होता, तो त्यांनी फेकून दिला नव्हता, मला माहीत नव्हतं. तिचं डोकं लहान म्हणून तिला धारला पाठवायच्या आधी पट्ट्याला मागे चिमटा घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने टाके घातले होते, बुटाच्या जाड दोऱ्याने. ते टाके कापलेले होते. सरळ, ब्लेडने. गरम झालं म्हणून चष्मा ओढून काढणारं पोर टाके कापत बसत नाही.

"मला तेव्हाच दिसलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, दवाखान्यात कापले असतील."

पुढे बराच वेळ ते तो पट्टा बोटांत धरून बसले. मग तिला म्हणाले, "फार दुखलं होतं का गं?"

तीन वर्षांत त्यांनी तिला हे विचारलं नव्हतं. सुभाष, बापाने आपल्या मुलीला विचारायची ही एवढी एक गोष्ट, ती तू त्यांच्याकडून काढून घेतलीस. रागाच्या माणसाला असं विचारता येत नाही, आणि राग तू लावून दिला होतास.

ती म्हणाली, "आता नाही दुखत."

मग ते पायात चपला घालायला लागले. कुठे निघालात, मी विचारलं. "धारला." आवाज असा होता की मीच घाबरले. बकुळा दारात जाऊन उभी राहिली. "बाबा, नका ना. मामाची नोकरी जाईल." बघ. अजूनही. ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि चपला हातात घेऊन लहान मुलासारखे रडले. लग्नाला माझ्या पंधरा वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझं ते पत्र पुन्हा काढलं. 'बकुळा स्टेजवर दिसली की लोकांना बरं वाटेल.' मागच्या वेळी वाचून मला भरून आलं होतं, हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. आता नीट वाचलं. कोणत्या लोकांना बरं वाटेल? ज्यांना ती मुलगी आठवते त्यांना. धारमधले आई-बाप मुलांची नावं देत नसतील. त्यांना दाखवायचं होतं, बघा, तीच पोर, हसते आहे, चांगले कपडे घालून बक्षिसं देते आहे, म्हणजे काही एवढं झालं नव्हतं. तिचा डोळा गेला तेव्हा तू तो झाकलास, आणि आता पोरं गोळा करायला तोच मांडवात मिरवायला मागत होतास. आणि तिला न्यायला मला कापड आणायला लावलंस.

ती येणार नाही. हे तू मालोजीरावांना कसं सांगायचं ते तुझं तू बघ. ती आजारी आहे असं मात्र सांगायचं नाही. तिच्या नावावर आणखी एक खोटं मी चालू देणार नाही.

नियम पाठवले आहेत. तुला नाही, दत्ताजी मास्तरांना. सामन्याचे मुख्य पंच तेच आहेत असं तुझ्याच पत्रात होतं, आणि शाळेत आपल्या दोघांना कवायत त्यांनीच शिकवली, ते कोणाच्या मुलाला भीत नाहीत. रजिस्टर पोस्टाने गेले. मी तुझ्या दाजींना म्हटलं होतं, कशाला पाठवता? मरू देत त्यांचे सामने. ते म्हणाले, "खेळणारी पोरं सुभाषची नाहीत." मग पाकिटावर पत्ता मीच घातला.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं ते सगळं त्यात आहे. एक नियम नवा आहे. तो त्यांनी सगळ्यांच्या वर घातला. खेळाडूच्या डोळ्यांवरचा चष्मा पंच, आयोजक, पाहुणे किंवा नातेवाईक, कोणीही, कोणत्याही कारणाने काढायचा नाही. 'नातेवाईक' हा शब्द त्यांनी लिहिला, खोडला, आणि चहा पिऊन आल्यावर पुन्हा लिहिला. डाव सुरू व्हायच्या आधी सगळे नियम माइकवरून वाचायचे, असंही खाली घातलं आहे. तुमच्या क्लबात माइक नेहमी तुझ्याच हातात असतो. वाच. आवाज चांगला आहे तुझा.

तुझ्या नोकरीला आमच्याकडून धक्का लागणार नाही. मालोजीरावांना आम्ही काही लिहिणार नाही. त्यांना लिहून होणार काय? आपल्या मुलासाठी दुसऱ्याच्या मुलीचा चष्मा काढून घेतला जातोय, हे ते तिथेच उभे राहून बघत होते. त्यांना नवीन काय कळायचंय? तू त्यांच्याकडेच राहा. तुम्ही एकमेकांना बरे आहात.

माईचं मात्र मी ठरवलं आहे.

आठवडाभर मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. पोर काठीला भ्याली नाही, अंधाराला भ्याली नाही. तिला तू भीती घातलीस ती आजीच्या जेवणाची. माई तुझ्या घरी आहे, तुझं खाते, म्हणून बकुळा गप्प. आजही मी माईला पत्र लिहायला बसले तर ही मागून येऊन बघते, अक्षरं लावत लावत वाचते, आणि म्हणते, "आई, माईआजीला नको ना सांगू, तिला तिथे राहायचंय." तेरा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या बाईच्या दोन घासांची राखण करते आहे, आणि तिचा मामा मांडवाचा रंग ठरवतो आहे.

म्हणून माईला मी इकडे आणते आहे. तिने घट बसवलेत, ते मध्ये मोडायचे नाहीत. दसऱ्याला घट उठले की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी धारला येईन. तुमचे सामने त्याच दिवशी आहेत, मला माहीत आहे. मी मैदानाकडे फिरकणार नाही. घरी येईन, माईला घेईन आणि दुपारच्या गाडीने परत निघेन. तू मैदानावर असशील, तेच बरं. सुरेखाला सांग की माईची ट्रंक, तिचे देव, औषधं आणि ती जाड सतरंजी बांधून ठेव. सुरेखाचा ह्यात काही दोष नाही, तिच्याशी मी नेहमीसारखी बोलेन. तिने का म्हणून विचारलं तर काय सांगायचं हे तुझ्या डोक्यात आत्तापासूनच तयार होत असेल. एकदा तरी खरं सांगून बघ.

आमच्या दोन खोल्या आहेत, तुला माहीत आहे. बकुळा तिची खाट आजीला देणार आहे आणि स्वतः आमच्यात खाली झोपणार आहे. तुझे दाजी संडासाच्या दारापाशी माईला धरायला लोखंडी दांडा बसवताहेत, आज सकाळपासून त्याच कामात आहेत. माई इथे जेवेल. जे आम्ही खातो ते. तुझ्याकडे बसून खायची तिला सवय आहे, इथे कधी भाजी कमी पडेल, पण ते घास कोणी मोजून दाखवणार नाही.

इथे आल्यावर माई एक दिवस नेहमीसारखी म्हणेल, पोर ऐकत नाही. तेव्हा बकुळाला जे सांगायचं असेल ते ती सांगेल, किंवा नाही सांगणार. मी तिला ढकलणार नाही आणि अडवणारही नाही. तू त्याच्या आधी माईला सांगितलंस तर बरं. नाही सांगितलंस तरी मला आता आश्चर्य वाटणार नाही.

भाऊबीजेला येऊ नकोस. ओवाळायला मी बसले तर निरांजन तुझ्या तोंडासमोर फिरवताना माझ्या मनात काय येईल, ह्याची मला भीती वाटते. देवापुढे वाईट विचार करायचा नाही, असं माईनेच शिकवलंय.

माई इकडे आली की त्या पोरीला धाकात ठेवायला तुझ्याकडे काही उरणार नाही. एवढंच मला करता येण्यासारखं होतं, ते मी केलं. डोळा मला आणता येत नाही.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. तू लहान आहेस, मी मोठी, पण आज तो माझ्या हातून उतरत नाही.

सौ. सगुणा श्रीपाद काकडे